उजवा खांदा

तिने दार उघडलं आणि डावा हात पुढे केला. मला वाटलं, डावखुरी असेल.

मी मिरजेची. फिजिओथेरपी पुण्यात शिकले, लग्नानंतर दुबईला आले आणि इथेच एका क्लिनिकमध्ये लागले. ज्या पेशंटना घराबाहेर पडता येत नाही, त्यांच्याकडे जाऊन व्यायाम करून घेणं हे माझं काम. ही केस माझ्याकडे देताना आमची मॅनेजर म्हणाली होती, “जेएलटीला, त्या तळ्याकाठच्या टॉवर्समध्ये, एक ग्रीक आजोबा आहेत. स्ट्रोक झालाय. उजवी बाजू गेलीय, बोलणंही गेलंय. मुलगी इथे टेनिस शिकवते, तिनेच त्यांना गावाहून आणलंय. जरा जपून हं. आधीच्या दोन फिजिओंना तिने नको म्हणून सांगितलं. म्हणते, फार हळू काम करतात.”

मनखूलच्या आमच्या घरून मेट्रोने जायचं आणि स्टेशनवरून पूल ओलांडून टॉवर्समध्ये शिरायचं, असा माझा त्या वर्षीचा दुपारचा रस्ता झाला. उन्हाळा नुकताच सरत होता. तिचा फ्लॅट बऱ्याच वरच्या मजल्यावर होता आणि खिडकीतून खालचं तळं दिसायचं. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत तिचे वडील. अंगापिंडाने मोठा माणूस. उजवा हात मांडीवर असा पडलेला, जसा काही दुसऱ्या कुणी तिथे विसरून ठेवलाय.

मी समोर बसून नमस्कार केला. ते माझ्याकडे बघून स्पष्ट आवाजात म्हणाले, “पामे.”

“हे काय म्हणाले?” मी तिला विचारलं. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं. तिचं इंग्रजी साधं, तुटक होतं आणि माझंही काही फार वेगळं नव्हतं.

“पामे म्हणजे चला, निघू या. इथे सगळे यल्ला म्हणतात ना, तसं. तेवढा एकच शब्द राहिलाय. पाणी हवं असेल तरी पामे, बाथरूमला जायचं असेल तरी पामे. राग आला तरी तेच.”

मी तिला समजावून सांगितलं, की असं होतं कधी कधी. बोलण्याची जागा निकामी झाली तरी आयुष्यभर सतत उच्चारलेला एखादा शब्द मागे उरतो. माणसाला म्हणायचं असतं वेगळंच, तोंडून तो एकच निघतो. शिव्या राहतात, देवाचं नाव राहतं, बायकोचं नाव राहतं.

“हो,” ती म्हणाली. “त्याच्याकडे हाच राहणार होता.” आणि ती कॉफी ठेवायला आत गेली.

ती पन्नाशीला टेकलेली होती. उंच, बारीक कापलेले केस, पांढरे झालेले तसेच ठेवलेले. हात, मान, गुडघ्याखालचे पाय उन्हाने रापून तांब्यासारखे; आणि मोज्याच्या रेषेखाली पाऊल मात्र एकदम गोरं, जणू दुसऱ्या बाईचं. पहिल्या दोन-तीन खेपांतच माझ्या लक्षात आलं, की ती डावखुरी नव्हती. लिहायची उजव्या हाताने, कॉफी ढवळायची उजव्या हाताने. वरच्या फळीवरचा डबा काढायचा झाला, की मात्र डावा हात वर जायचा. उजवा कोपर खांद्याच्या वर कधीच येत नव्हता. हे बघायची माझी सवयच. बसमध्येही मी माणसांच्या माना आणि गुडघे बघत असते. पण पेशंट तिचे वडील होते.

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच. पण माझ्या मनात ती बरेच दिवस ‘तुम्ही’च होती.

आजोबा चांगले पेशंट होते. सांगितलेलं पटकन समजायचं. पायात ताकद येत होती. मी पट्टा धरून त्यांना उभं करायची, ते घामाघूम व्हायचे, पण बसू का असं डोळ्यांनीसुद्धा विचारायचे नाहीत. एकदा टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती आणि ते एकाएकी ढसाढसा रडायला लागले. ती घाबरली. मी म्हटलं, “यात घाबरण्यासारखं नाही. स्ट्रोकनंतर काही जणांना असं उगाच रडू येतं, उगाच हसू येतं. आत दुःख असतंच असं नाही.” तिने ते नीट ऐकून घेतलं.

माझी मुलगी तेव्हा सहावीत होती. मी घरी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही आमच्या घरची पद्धत. एका शुक्रवारी जेवताना मी या टेनिसवाल्या बाईंबद्दल बोलले, तर ती तेवढ्यात फोनवर शोधाशोध करून म्हणाली, “आई, शी वॉज रिअली गुड, यू नो. कम, सी.”

कुणीतरी टीव्हीवरून उतरवून ठेवलेली, मुंग्या आलेली क्लिप होती. लाल मातीचं मैदान. एक काटकुळी मुलगी, पाठीवर वेणी, पांढरा स्कर्ट. तिने चेंडू वर टाकला आणि उजवा हात असा काही वर गेला, की दंड कानाला लागला. मी ती सर्व्हिस परत परत लावून बघितली. इतका मोकळा, इतका सुंदर फिरणारा खांदा मी पुस्तकातल्या चित्रातसुद्धा बघितला नव्हता. नवरा ताटावरून उठून मागे येऊन उभा राहिला. “हीच का ती?” एवढंच म्हणाला.

ती मुलगी पॉइंट जिंकली, टाळ्या वाजल्या, आणि त्या टाळ्यांच्या वरून एका पुरुषाचा भरदार आवाज आला. “पामे!”

मी फोन बंद केला. तो आवाज आता माझ्या ओळखीचा होता.

पुढच्या खेपेला मी तिला सांगितलं. तिने विचारलं, “कुठली मॅच?” मी मातीचा रंग, समोरच्या मुलीची टोपी, जे आठवलं ते सांगितलं. “ती होय. ती मी जिंकले होते,” ती म्हणाली. आजोबांना व्यायामानंतर झोप लागली होती. तिने कॉफी आणली आणि त्या दिवशी पहिल्यांदा ती स्वतःहून बोलत राहिली.

तिचे वडील उत्तर ग्रीसमधल्या एका बंदराच्या गावात शाळेत पीटीचे मास्तर होते. तरुणपणी काही वर्षं जर्मनीत कारखान्यात राबून आलेले. आईचं औषधांचं दुकान. शाळेच्या मागे सिमेंटचं एक कोर्ट होतं, त्याला पडलेल्या भेगांतून गवत यायचं. सहा वर्षांची असताना ती त्या कोर्टाच्या भिंतीवर चेंडू मारत बसली आणि अंधार पडला तरी घरी जायला तयार होईना. वडिलांनी ते बघितलं आणि त्या दिवसापासून तिचं दुसरं आयुष्य सुरू झालं. हिवाळ्यात समुद्रावरून वारा यायचा, कोर्टावर पाणी साचायचं. वडील खराट्याने पाणी लोटायचे, मग खेळ. रॅकेटच्या तारा तेच ओवायचे. शाळकरी वयातच तिला अथेन्सला पाठवलं, आणि दोन वर्षांनी नोकरी सोडून ते स्वतःच तिच्याबरोबर फिरायला लागले. बस, बोटी, आगगाड्या. तुर्कस्तान, इटली, इजिप्त. स्वस्तातल्या हॉटेलच्या बेसिनमध्ये कपडे धुवायचे, खिडकीत वाळत घालायचे, हरलं तर ओलेच बॅगेत भरून पुढच्या गावाला.

“आमच्या देशात तेव्हा टेनिस कुणाला फारसं माहीत नव्हतं,” ती म्हणाली. “बॅगेत काय आहे, असं लोक विचारायचे. गिटार आहे का?”

मग ती मोठ्या स्पर्धांच्या पात्रता फेऱ्या खेळायला लागली. देशाकडून खेळली. एकदा एका मोठ्या स्पर्धेत, सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेल्या एका खेळाडूला तिने आडबाजूच्या कोर्टवर हरवलं. ती गावी परतली तर बसस्टँडवर बँड होता. “आणि आईने दुकान बंद ठेवलं होतं. ताप असला तरी ती दुकान बंद ठेवत नसे.” हे सांगताना तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. “इथे दुबईलाही एकदा खेळले. पहिल्याच फेरीत हरले. हे टॉवर नव्हते तेव्हा, नुसती वाळू.”

“मग?”

“मग खांदा,” ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.

डिसेंबरमधली गोष्ट. मी गेले तर आजोबांनी मला नेहमीसारखा हात हातात घेऊ दिला नाही. उजव्या खांद्याजवळ माझा हात जाताच डावा हात आडवा घातला. बोटं सुजून चकाकत होती. खांद्याच्या हाडाखाली चाचपलं, तर तिथे बोट मावेल एवढी खाच. सांधा खाली उतरला होता. अशा लुळ्या हाताचा खांदा नुसत्या स्नायूंच्या भरवशावर टांगलेला असतो. कुणी ओढला, वर ताणला, की तो निसटतो.

“कुणी हात ओढला का यांचा?”

“नाही. मी व्यायाम करून घेते.” ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली. दाराच्या वरच्या चौकटीला तिने पुली ठोकली होती. त्यावरून दोरी, दोरीच्या एका टोकाला मऊ कापडाचा फास. त्यात त्यांचं मनगट अडकवायचं आणि दुसऱ्या टोकाने ओढून हात डोक्याच्या वर न्यायचा. “सकाळी क्लबला जायच्या आधी, आणि आल्यावर परत. तू हळू करतेस म्हणून मी उरलेलं करते. दमतो तो, पण करतो. कधी नाही म्हणत नाही.”

“त्यांना नाही म्हणताच येत नाही,” मी म्हणाले. “त्यांच्याकडे एकच शब्द आहे.”

हे मी मुद्दाम लागेल असं बोलले नव्हते. तोंडातून गेलं. ती दोरीचं टोक हातात धरून उभी होती, ती हळूहळू भिंतीला टेकून खालीच बसली. बाहेरच्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, “पामे... पामे...” त्यांना पाणी हवं होतं. मी जाऊन दिलं आणि परत आले तरी ती तशीच बसलेली.

“आता काय करायचं?” तिने विचारलं.

“हात वर न्यायचा नाही. ओढायचा नाही. उशीवर टेकवून ठेवायचा, उभे राहतील तेव्हा झोळी. दुखणं थांबायलाच महिने लागतील.”

“आणि मग हात येईल?”

“बहुतेक नाही.”

“खरं सांगतेस?”

“खरं सांगते.”

तिने हातातलं दोरीचं टोक सोडून दिलं. मग म्हणाली, “मला त्या वेळी खरं सांगितलं नव्हतं.”

तिचा खांदा ऐन भरात असताना फाटला होता. आतले स्नायू, सर्व्हिसच्या माऱ्याने. वडील तिला जर्मनीत एका सर्जनकडे घेऊन गेले. सर्जन जर्मनच बोलायचा, आणि तिला जर्मन येत नव्हतं. ऑपरेशननंतर तो पलंगाशी उभा राहून बरंच काही बोलला. वडिलांनी तिला ग्रीकमध्ये सांगितलं, “हिवाळा संपेपर्यंत विश्रांती. मग खेळायला लागायचं.” हिवाळा संपला, ती खेळायला लागली. दुखायचं. वडील म्हणायचे, पामे. मॅचच्या आधी इंजेक्शन घ्यायची. एका सर्व्हिसला चेंडू वर गेला आणि तिचा हात गेलाच नाही.

पुन्हा तोच सर्जन. या खेपेला त्याच्याबरोबर इंग्रजी येणारा एक तरुण डॉक्टर होता. सर्जन चिडून काही बोलला आणि त्या तरुणाने तिला थेट इंग्रजीत विचारलं, “तुम्हाला वर्षभर रॅकेट धरायची नाही असं सांगितलं होतं, मग तुम्ही ऐकलं का नाही?”

“मी वडिलांकडे बघितलं,” ती म्हणाली. “ते खिडकीबाहेर बघत होते. तिथे काहीच नव्हतं, नुसती गाड्या लावायची जागा. मी डॉक्टरला म्हटलं, चूक माझी.”

“आणि वडिलांना?”

“कधीच काही नाही. आजपर्यंत नाही.” तिने वरच्या पुलीकडे बघितलं. “मला वाटायचं, मी त्यांच्यासारखी कधी होणार नाही. क्लबमध्ये मुलांना मी कधी ओरडत नाही. कुणाचं काही दुखतंय म्हटलं की लगेच बसवते. आणि घरात हे.”

मी तिच्याशेजारी फरशीवर बसले. म्हटलं, “तू त्यांना बरं करायला बघत होतीस.”

“तेही तेच करत होते,” ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती माझ्या मनात ‘तू’ झाली.

पुली तिने त्याच संध्याकाळी काढली. पुढच्या खेपेला व्यायाम आटोपून मी निघाले, तर तिने विचारलं, “थोडी थांबशील? मला त्याच्याशी बोलायचंय. एकटीने जमणार नाही.” मी पर्स खाली ठेवली.

तिने एक स्टूल ओढून वडिलांच्या समोर ठेवलं आणि त्यांच्या गुडघ्यांना गुडघे लागतील इतक्या जवळ बसली. ती ग्रीकमध्ये बोलत होती, मला एक अक्षर कळत नव्हतं. आवाज चढला नाही, रडणं नाही. बोलता बोलता तिने डावा हात स्वतःच्या उजव्या खांद्यावर ठेवला, तेव्हा मला कळलं ती कुठे पोचली आहे ते. आजोबा आधी खिडकीकडे बघत होते. मग त्यांनी मान वळवली आणि तिच्याकडे बघायला लागले. बोलणं गेलेल्या माणसाला समजत नाही असं लोकांना वाटतं. त्यांना सगळं समजत होतं.

ती थांबली. ते म्हणाले, “पामे.” मग मान हलवली, हे नव्हे असं. पुन्हा प्रयत्न केला. ओठांचा आकार बदलला, काही तरी दुसरं येऊ बघत होतं, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. “पा... पा...” दुसरा शब्द आलाच नाही. आणि ते रडायला लागले. तोंड उघडं टाकून, लहान मूल रडतं तसे.

ती माझ्याकडे वळली. “हा आजार आहे का? तू म्हणाली होतीस, उगाच रडू येतं, आत काही असतंच असं नाही. तसंच आहे का हे?”

माझ्याकडे खोटं बोलायला तेवढा अवधी होता. ती कशाला आसुसली आहे ते दिसत होतं. पण ज्या बाईला एकदा चुकीचं भाषांतर करून सांगितलं गेलं होतं, तिला मी पुन्हा काही बनवून सांगू शकत नव्हते.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

“कळायचा काहीच उपाय नाही?”

“नाही.”

तिने मान डोलावली. वडिलांच्या छातीवर लावलेला रुमाल काढून त्यांचे डोळे, नाक, हनुवटी पुसली. मला म्हणाली, “बरं केलंस, खरं सांगितलंस.” त्यांचं रडणं थांबेपर्यंत ती त्या स्टुलावरून उठली नाही.

त्यानंतर घरातली घाई संपली. मी हळू काम करायची आणि ती शेजारी बसून बघायची. हात आला नाहीच, पण सूज उतरली, दुखणं गेलं. काठी घेऊन ते लिफ्टपर्यंत चालायला लागले. मार्चमध्ये, ऊन तापायच्या आधी, एका संध्याकाळी तिने त्यांना क्लबवर न्यायचं ठरवलं आणि मलाही बोलावलं. आम्ही दोघं कोर्टाच्या कडेला बसलो. ती आठ-दहा वर्षांच्या मुलांना शिकवत होती. हात खालून फिरवून चेंडू सोडायची, नेमका त्या मुलाच्या रॅकेटवर. कुणी चेंडू वेडावाकडा वर टाकला, की आजोबांचा चांगला हात मांडीवरून थोडा उचलला जायचा. बाकी ते शांत होते. सगळी मुलं जाईपर्यंत ते डोळे न हलवता तिच्याकडे बघत होते.

मुलं गेल्यावर मी तिला विचारलं, “तू शेवटची मॅच कधी खेळलीस?”

“दुसऱ्या ऑपरेशननंतर मी थोडं खेळले,” ती म्हणाली. “छोट्या स्पर्धा. एका ठिकाणी मी पुढे होते, जिंकलेच असते. सर्व्हिस माझी होती. हात कसाबसा वर जात होता. मनात आलं, ही जिंकले तर उद्या पुन्हा, ती जिंकले तर पुढच्या आठवड्यात पुन्हा. मी चेंडू खिशात ठेवला आणि नेटपाशी गेले. उजवा हात थरथरत होता म्हणून डावा पुढे केला. समोरच्या मुलीला वाटलं, मला काही लागलंय.” तिने पायाशी आलेला चेंडू उचलून टोपलीत टाकला. “वडिलांनी बॅग उचलली. गाडीत बसल्यावर म्हणाले, भूक लागलीय का? आम्ही समुद्राकाठी माशाचं सूप प्यायलो. त्यानंतर आमच्या घरात कुणी टेनिसचं नाव काढलं नाही. मी इथे आले, रोज त्याला फोन करायची. तिकडे पाऊस आहे का, इथे ऊन किती. त्याने विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. मी विचारलं असतं तर बहुतेक त्यानेही सांगितलं असतं.”

वडील आमच्यापासून हाताच्या अंतरावर बसले होते. ते ऐकत होते की नाही कोण जाणे.

मे महिन्यात एका सकाळी तिचा फोन आला. दुसरा झटका आला होता, झोपेतच गेले होते.

परक्या देशात माणूस गेल्यावर काय काय करावं लागतं, हे माझ्या नवऱ्याला माहीत आहे. त्यांच्या कारखान्यातल्या कामगारांपैकी कुणी गेलं, की पोलीस, वकिलात, विमानाचं कार्गो हे सगळं त्यालाच बघावं लागतं. तो म्हणाला, “तिला एकटीला फिरवू नकोस. मी सुट्टी टाकतो.” दोन दिवस तो तिला घेऊन एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात गेला. देह मायदेशी पाठवण्याआधी जिथे तयार करून पेटीत ठेवतात, तिथे तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो.

बाहेर पत्र्याच्या सावलीत चार-पाच माणसं उभी होती, साइटवरच्या बुटांतच आलेली. मी नवऱ्याशी बोलताना त्यांतल्या एकाने मराठी ऐकलं आणि जवळ आला. चिपळूणकडचा होता. “ताई, तुमचं कोण?”

“आमचं नाही. या बाईंचे वडील.”

“आमचा वाडीतलाच आहे आत. सेंटरिंगला होता.” त्याने तिच्याकडे बघितलं. ती बाकावर ताठ बसलेली. “बापाला इकडे आणला होता काय बाईने? बरा आहे. आमचा उलटा. बाप तिकडे जातो नि आम्ही इकडे फोन धरून बसतो.”

माझे वडील गेले तेव्हा मी विमानात होते. मुंबईला उतरून फोन सुरू केला तेव्हा कळलं. मी त्या माणसाचं बोलणं तिला इंग्रजीत सांगितलं, तर तिने उठून त्याचा हात हातात घेतला.

पेटी आली. व्हॅन थोडी लांब उभी होती आणि मध्ये पायऱ्या होत्या. नवरा पुढे झाला, तशी ती माणसं कुणी न सांगता आली आणि पेटी उचलून त्यांनी खांद्यावर घेतली. ती एकदम पुढे गेली. आपल्याकडे बायकांना मागे ठेवतात, तसं त्यांच्यातला एक जण तिला थांबवायला हात करत होता. चिपळूणवाल्याने त्याला बाजूला केलं आणि स्वतःची जागा तिला दिली. तिथे उजवा खांदा लागला असता. ती पेटीच्या पलीकडून फिरून गेली आणि डावा खांदा लावला. व्हॅनपर्यंतचा तेवढा रस्ता ती त्या माणसांबरोबर पाय जुळवत चालली.

ती पेटीबरोबर गेली आणि उन्हाळाभर तिकडेच राहिली. मधून मधून मेसेज यायचे. वडिलांना आईशेजारी ठेवलं. घर रंगवून घेतलं. शाळेतले त्यांचे जुने विद्यार्थी, आता टकले झालेले, भेटायला आले.

सप्टेंबरच्या शेवटी ती परत आली, क्लब सुरू झाला आणि तिने आम्हा तिघांना संध्याकाळी बोलावलं. बाकावर एक मोठा डबा होता. शिजवलेले गहू, त्यात साखर, बदाम, बेदाणे आणि डाळिंबाचे दाणे. मेलेल्या माणसाच्या नावाने तिच्याकडे हे करतात आणि जो येईल त्याला वाटतात. गावी चाळिसाव्या दिवशी केलंच होतं. “तुम्ही तिथे नव्हता, म्हणून इथे पुन्हा केलं,” ती म्हणाली.

मी एक घास खाल्ला आणि म्हटलं, “आमच्या मिरजेकडे गव्हाची खीर करतात. गूळ घालून.”

“मेलेल्यांसाठी?”

“नाही. सणाला. लग्नाकार्याला.”

“मग मला करून घाल एकदा,” ती म्हणाली.

माझी मुलगी चमच्याने डाळिंबाचे दाणे वेचून खात होती. तिने मध्येच विचारलं, “वॉज ही प्राउड ऑफ यू?” मला अवघडल्यासारखं झालं. नवऱ्याने तिला डोळ्यांनी दटावलं.

पण माझ्या मैत्रिणीने तो प्रश्न साधाच घेतला. “हो, फार,” ती म्हणाली. “सगळ्या गावाला सांगत फिरायचा.”

पुढच्या बॅचची मुलं जाळीच्या दाराशी येऊन उभी होती. तिने त्यांना आत बोलावलं, हात धुवायला लावले, आणि प्रत्येकाच्या ओंजळीत चमचा-चमचा गहू घातले. एका मुलाने हे काय आहे म्हणून विचारलं. “खा आधी, मग सांगते,” ती म्हणाली, आणि रिकामा डबा माझ्या हातात देऊन चेंडूंची टोपली आणायला गेली.